यादीत नाही म्हणजे बेकायदेशीर? रिपीटरबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, आणि नुकतंच लायसन्स मिळालेल्या पोरांपर्यंत तो "सिनियर लोकांचा सल्ला" म्हणून पोचतोय, म्हणून नीट उत्तर लिहायला बसलोय. (रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर, इनपुटवर, ऐकलेलं त्याच वेळी दुसरीवर, आऊटपुटवर, परत पाठवणारं स्टेशन.) मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रिपीटरच्या ॲपमध्ये किंवा डिरेक्टरीत जो रिपीटर नाही तो बेकायदेशीर, ऐकू आला की तक्रार ठोका. डिरेक्टरीत आहे म्हणजे तो चालूच आहे, तुमच्याकडून उघडत नसेल, म्हणजे तुमचा आवाज पुढे पाठवत नसेल, तर तुमचा सेट खराब. अनोळखी रिपीटर सापडला तर टोन स्कॅन मारा (टोन म्हणजे रिपीटर उघडणारा बारीक सूर), जो टोन येईल तो टाका आणि बोला. सिग्नल फुल येतोय म्हणजे रिपीटर मुंबईतच कुठेतरी आहे. आणि ही यादी सेटमध्ये भरून ठेवली की आपत्तीची तयारी झाली.

यातली एकही गोष्ट जशी लिहिलीय तशी खरी नाही.

"यादीत नाही म्हणजे बेकायदेशीर". आधी हे सांगा, की आपल्याकडे परवानगी देतं कोण? केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस परवाने देणारी डब्ल्यूपीसी विंग. ॲप देत नाही. रिपीटरबुक वगैरे ज्या डिरेक्टऱ्या आपण उघडतो त्या स्वयंसेवकांनी आणि वापरणाऱ्या लोकांनी भरलेल्या आहेत, कोणीतरी ऐकलं, कोणीतरी फॉर्म भरला, कोणीतरी तपासलं किंवा नाही तपासलं, आणि नोंद झाली. कोणी भरलंच नाही तर नोंद नाही, इतकं साधं आहे ते. आणि आपल्याकडे नोंद करणारे हात मुळात कमी. एखाद्या क्लबने रिपीटर लावला, सगळ्या मेंबरना फ्रिक्वेन्सी तोंडपाठ आहे, मग ॲपमध्ये टाकायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. कधी रिपीटर ट्रायलवर असतो, कधी सोसायटीच्या गच्चीवर अँटेना आहे आणि कमिटीला जागेचा गाजावाजा नको असतो, कधी ती फ्रिक्वेन्सी दोन रिपीटर जोडणाऱ्या लिंकची असते जी लोकांनी वापरायचीच नसते. रिपीटरबुक जिथलं आहे त्या अमेरिकेतसुद्धा डिरेक्टरी म्हणजे कायदा नाही. तिथे फ्रिक्वेन्सी कोऑर्डिनेशन (कोणी कुठली फ्रिक्वेन्सी वापरायची ते आपसात ठरवणं) ही हॅम लोकांनीच उभी केलेली व्यवस्था आहे, कोऑर्डिनेशन न घेतलेल्या रिपीटरमुळे कोऑर्डिनेटेड रिपीटरला त्रास झाला तर तो निस्तरायची मुख्य जबाबदारी कोऑर्डिनेशन न घेतलेल्याची, एवढंच नियम म्हणतो, आणि ठरावीक स्टेशनपुरता मर्यादित ठेवलेला क्लोज्ड रिपीटर तिथे चालतो. उलटही तितकंच खरं, यादीत नाव आहे म्हणून कुठलाही रिपीटर कायदेशीर ठरत नाही.

तक्रार करायच्या आधी एवढं तरी बघा की जे ऐकलं ते हॅमचं आहे का. आपला टू मीटर बँड 144 ते 146 मेगाहर्ट्झ, सत्तर सेंटीमीटरमध्ये आपल्याला 434 ते 438. मुंबई बंदराचं शहर आहे, 156 मेगाहर्ट्झच्या वर जहाजांची बोलणी चालतात, त्यातली काही चॅनेल डुप्लेक्स आहेत, जहाज एका फ्रिक्वेन्सीवर आणि किनारा 4.6 मेगाहर्ट्झने वरच्या दुसरीवर, आणि ते ऐकून "नवीन रिपीटर सापडला" म्हणणारे मी बघितलेत. 446.0 ते 446.2 मध्ये लायसन्स न लागणारे छोटे वॉकी-टॉकी असतात, म्हणजे एखाद्या लग्नाच्या हॉलचे केटरर किंवा बिल्डिंगचे वॉचमनही असू शकतात. आणि आपल्यासाठी नसलेलं बोलणं चुकून कानावर पडलं तर ते बाहेर सांगायचं नाही हा आपल्या शिस्तीचा भाग आहे, त्याची क्लिप काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.

"डिरेक्टरीत आहे म्हणजे चालू आहे" हे वाचून एखाद्या नव्या पोराने पहिल्याच आठवड्यात नवा सेट विकायला काढला तर नवल नाही. बिचारा घाटकोपरच्या बाल्कनीतून पीटीटी (बोलायचं बटण) दाबत बसतो, उत्तर नाही, त्याला वाटतं आपलंच चुकतंय. अरे बाबा, त्या नोंदीखाली शेवटची अपडेट कधीची आहे ते बघ आधी! मुंबईत रिपीटर बंद पडायला कारणं काय कमी आहेत, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी जातं, कोॲक्स (अँटेनाची केबल) सडते, पॉवर सप्लाय जातो, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाते, गच्चीवरची अँटेना उतरते, दुसरी जागा मिळेपर्यंत काळ लोटतो आणि यादीत मात्र ती नोंद तशीच हिरवीगार. नकाशावरची पिनसुद्धा बऱ्याचदा अंदाजाची असते, मालकाला नेमका पत्ता द्यायचा नसतो म्हणून शहराच्या मधोमध ठेवलेली, आणि लोक त्या पिनकडे यागी (एका दिशेची अँटेना) वळवून बसतात.

इथे अजून एक गोष्ट. "तीन ॲपमध्ये सेम टोन दाखवतात म्हणजे बरोबरच असणार" असंही त्या मेसेजमध्ये आहे. या याद्या एकमेकींवरून उचललेल्या असतात. एकाने सुरुवातीला चुकीचा टोन भरला की तोच सगळीकडे पसरतो, मग तीन ठिकाणी दिसला तरी साक्षीदार एकच.

आता टोन स्कॅन. मेसेजमधला सगळ्यात चुकीचा सल्ला हाच आहे आणि लोक डोळे झाकून पाळतायत, म्हणून जरा थांबून सांगतो. सीटीसीएसएस टोन म्हणजे आवाजाच्या खाली सतत चालणारा 67.0 ते 254.1 हर्ट्झमधला बारीक सूर. रिपीटरला तो इनपुटवर ऐकू आला तरच तो उघडतो. पण तुम्ही स्कॅन कुठे मारताय? आऊटपुटवर. आऊटपुटवर जो टोन येतो तो रिपीटर पाठवतोय, तुमच्याकडून त्याला काय हवंय ते त्यातून कळत नाही. दोन्ही सारखे असू शकतात, वेगळे असू शकतात, आणि असंही होतं की रिपीटर इनपुटला टोन मागतो पण आऊटपुटला काहीच सोडत नाही, मग स्कॅनला काही मिळत नाही आणि लोक ठरवतात की टोन नाही, उघडत नाही म्हणजे बंद असेल.

बरोबर पद्धत अशी. समजा, फक्त उदाहरणापुरतं, तुम्हाला 145.700 वर कोणीतरी ऐकू येतंय. टू मीटरवर शिफ्ट (आऊटपुट आणि इनपुटमधला फरक) बहुतेक उणे 600 किलोहर्ट्झ असतो, म्हणजे इनपुट 145.100. सेटमध्ये रिव्हर्सची (थेट इनपुट ऐकायची) सोय असेल तर ती लावा, नाहीतर हाताने 145.100 वर जा, स्क्वेल्च (कमजोर सिग्नल गप्प करणारी सोय) पूर्ण उघडा आणि थांबा. बोलणाऱ्यांपैकी कोणी तुमच्या जवळपास असेल, तुम्ही सायनला आणि तो दादरला, तर तो तिथे थेट ऐकू येईल, बारीक का होईना. तो ऐकू आला की दोन गोष्टी एकदम कळल्या, हा रिपीटर आहे आणि त्याचं इनपुट हेच आहे. आणि आता, त्या माणसाच्या थेट सिग्नलवर, टोन स्कॅन मारा. जो टोन येईल तो रिपीटर उघडणारा टोन, कारण तो माणूस तोच पाठवून रिपीटर उघडतोय. पटकन होत नाही हे, माणूस दोन शब्द बोलून सोडतो आणि स्कॅन अर्ध्यावर राहतो, सकाळची नेट (ठरलेल्या वेळेला सगळ्यांनी एकत्र बोलणं) चालू असताना बसलं तर लांब ओव्हर, म्हणजे एकेकाचं लांब बोलणं, मिळतात.

आणि हे सगळं पीटीटीला हात न लावता होतं. सेटमध्ये पन्नासेक टोन असतात म्हणून एकेक टाकून दाबत बसणं हा दुसऱ्याच्या नेटमध्ये घातलेला गोंधळ आहे, कॉलसाईन (लायसन्सवरचं ओळखनाव) न देता दाबत असाल तर आणखीनच वाईट.

ऐकताना बाकीच्या खुणाही पकडा. बोलणाऱ्याने पीटीटी सोडल्यावर कॅरियर (सिग्नल) लगेच पडतो की सेकंद-दोन सेकंद शेपूट राहतं? शेपूट असेल तर बहुतेक रिपीटर. बीप येतो का, कसा येतो? मोर्समध्ये किंवा आवाजात आयडी येतो का? आयडी मिळाला तर निम्मं काम झालं, मोर्स येत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून सावकाश डीकोड करा. आवाजाच्या जागी नुसता घरघराट येत असेल तर डीएमआर किंवा दुसरं काही डिजिटल असेल, तिथे टोन शोधून उपयोगच नाही, डीएमआरला कलर कोड आणि टाइमस्लॉट लागतात.

"सिग्नल फुल म्हणजे मुंबईतच". व्हीएचएफला (टू मीटर त्यातच येतो) अंतरापेक्षा उंची महत्त्वाची. सिंहगडाएवढ्या उंचीवर, म्हणजे साधारण 1300 मीटरवर, अँटेना असेल तर तिचं रेडिओ क्षितिज सपाट जमिनीवर दीडशे किलोमीटरच्या आसपास जातं, आणि सिंहगड दादरपासून सरळ रेषेत 120 किलोमीटरच. मध्ये दुसरे डोंगर आडवे येतात हे खरं, पण तुम्ही मुलुंडच्या विसाव्या मजल्यावर असाल तर घाटमाथ्यावरचा रिपीटर मीटर भरून येऊ शकतो आणि गल्लीतला हँडीवाला (हातातला छोटा सेट वापरणारा) येणार नाही. समुद्राचं तर अजून वेगळं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत 200 मेगाहर्ट्झचं रडार होतं, त्याला उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत, हजार मैलांहून लांबून, कारण समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर बसला की सिग्नल त्याखाली अडकून लांबवर वाहत जातो. आपला टू मीटर त्यापासून फार लांब नाही. एप्रिल-मेमध्ये वरळी सी फेसवर अनोळखी रिपीटर ऐकू आला तर आधी हवा बघा.

आणि एक तर वरूनच येतो! 437.800 वर अचानक स्वच्छ सिग्नल, चार-पाच स्टेशनं घाईघाईत कॉलसाईन देतायत, दहाएक मिनिटांत सगळं गुडूप, आणि लगेच ग्रुपवर विचारणा, मुंबईत नवीन यूएचएफ रिपीटर कोणी लावला? तो आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटर आहे, 2020 मध्ये सुरू झालेला, 145.990 वर 67 हर्ट्झ टोनने चढायचं आणि 437.800 वर ऐकायचं. ओळखायचं कसं? सुरुवातीला 437.810 ला जास्त साफ येतो, डोक्यावर असताना मधोमध आणि जाताना 437.790 कडे सरकतो, डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानक जवळ येताना आणि लांब जाताना फ्रिक्वेन्सी बदलते म्हणून. जमिनीवरचा रिपीटर असा सरकत नाही. शिवाय साधारण दीड तासाने तो पुन्हा येऊ शकतो.

दिशा काढायची असेल तर हँडी छातीला टेकवून हळूहळू गोल फिरा, सिग्नल सगळ्यात कमी होईल तेव्हा रिपीटर तुमच्या पाठीमागे. बिल्डिंगांच्या मध्ये हे करू नका, काचांवरून आपटून सिग्नल कुठूनही येतो, सायनच्या किल्ल्यासारख्या उघड्या उंच जागी करा. आणि मोठ्या टॉवरजवळ काही विचित्र ऐकू आलं तर अँटेनाजवळ 10 डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावून बघा. खरा सिग्नल 10 डीबीनेच उतरेल, पण दोन जोरदार सिग्नल तुमच्याच सेटमध्ये मिसळून तयार झालेलं भूत असेल तर ते 30 डीबीच्या आसपास कोसळेल. म्हणजे तिथे रिपीटर नव्हताच.

राहिला आपत्तीचा मुद्दा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मोबाईल कोलमडले, लाईट गेली. अशा दिवशी यादीतला कुठला रिपीटर बॅटरीवर किती तास चालेल हे कुठल्या ॲपमध्ये लिहिलंय? सेटमध्ये तेच भरा जे तुम्ही स्वतः घरून आणि ऑफिसमधून उघडून बघितलंय, आणि सोबत दोन सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायच्या) फ्रिक्वेन्सी ठरवून ठेवा, रिपीटर पडला तर कुठे भेटायचं ते आधीच माहीत पाहिजे.

अनोळखी रिपीटर सापडलाच तर ग्रुपवर "पायरेट" म्हणून ओरडण्याआधी तारीख, वेळ, आऊटपुट, इनपुट ऐकलं की नाही, इनपुटवरचा टोन, आयडी, तुम्ही कुठे उभे होतात आणि अँटेना कुठली, एवढं लिहून टाका. आयडीवरून मालक किंवा क्लब सापडला तर आधी त्यांना विचारा, ते हो म्हणाले तर डिरेक्टरीत आजच्या तारखेने नोंद करा, नाही म्हणाले तर विषय सोडा. आणि यादीतला जो रिपीटर तुमच्या भागातल्या दोघा-तिघांनाही वेगवेगळ्या दिवशी उघडता आला नाही, तो बंद असल्याचंही त्याच डिरेक्टरीला कळवा, ते फारसं कोणी करत नाही.