माझा डोंगर कॅन्सल झाला

इतकी वर्षं ऑकलंडमध्ये राहून, इथला टॅक्स भरून, इथल्या आडव्या पावसात भिजून शेवटी आपल्याच डायनिंग टेबलावर आपल्याच मुलीने सांगायचं की बाबा तुला डोंगर नाही, दोन घरं मागे जा. राग अजून गेलेला नाही माझा.

लेकीने लायब्ररीतून माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ लोकांची भाषा, शिकायचा बोर्ड गेम आणला होता. फासा टाकायचा, आकडा माओरीत म्हणायचा, मग कार्ड उचलायचं. ताही, रुआ, तोरू इथपर्यंत माझी सोंगटी बरी चालली होती.

पण समोर आत्या होती. आत्या नाशिकची, मराठीची रिटायर्ड शिक्षिका, व्हिजिटर व्हिसावर आलेली, आणि सकाळपासून इथल्या दुधाला साय का येत नाही म्हणून धुसफुसत होती. तिला फक्त टाइमपास म्हणून बसवली. पहिलंच कार्ड निघालं ङारुआवाहिया, हे गावाचं नाव. मी 'नगारू नगारू' करतोय तोवर आत्याने चष्मा सारखा केला आणि सुरुवातीचा ङ असा खणखणीत काढला की लेकीने टाळ्या वाजवल्या. "क ख ग घ ङ! चाळीस-चाळीस पोरांकडून घोकून घेतलाय, पण वाङ्मय सोडून त्या बिचाऱ्याला कुठे कामच नव्हतं रे. बघ, इथे नोकरी लागली त्याला!" आणि फासा माझ्या हातातून घेतला. माझी पाळी होती ती.

मग माझी टोपी. टेबलावर ठेवली होती, कोपऱ्यात. लेक किंचाळली. माओरी लोकांत डोकं तापू, म्हणजे पवित्र, म्हणून डोक्याची वस्तू जेवायच्या टेबलावर ठेवायची नाही, टेबलावर बसायचं नाही, उशीवर बसायचं नाही. दंड, एक डाव बाद. आत्याला तर उकळ्याच फुटल्या. "अरे बाळ्या, हेच तुझी आई सांगून सांगून थकली ना! तेव्हा ऐकलं असतंस तर आज पुढे असतास." म्हणजे डोंबिवलीतले टोमणे ऑकलंडमध्ये वसूल.

आणि मग आलं पेपेहाचं कार्ड. पेपेहा म्हणजे ओळख करून द्यायची माओरी पद्धत. आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती वाका, मग इवी म्हणजे जमात, आणि आपलं नाव सगळ्यात शेवटी. (आमच्या ऑफिसात नेमकं उलटं, आधी नाव आणि लगेच डेसिग्नेशन, डोंगराचं कोण विचारतंय.) आत्या सुरू झाली ती थांबेना. डोंगर ब्रह्मगिरी, नदी गोदावरी, कुलदैवत सप्तशृंगी, हे कार्डावर नव्हतंच पण तिने घातलं. वाका? "विमान. मधे सिंगापूरला बदललं, पाय सुजले, तेही लिही." लेकीने पूर्ण मार्क दिले!

मी म्हटलं, आता माझं. खिडकीतून पुकेतापापा दिसतो, तोच ज्याला सगळे माउंट रॉस्किल म्हणतात, तो माझा डोंगर. कॅन्सल. "बाबा, माओरींसाठी डोंगर म्हणजे पूर्वज, समोर राहतोस म्हणून तो तुझा पूर्वज होत नाही. शाळेत शिकवलंय." आता तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे हो, दुसऱ्याच्या पूर्वजावर आपण पाटी लावू नये. पण होम लोन चालू असताना हे ऐकायला बरं नाही वाटत. आत्या म्हणे, "तुझ्या गच्चीतून मलंगगड दिसायचा की, तो सांग." सांगितला. नदी? उल्हास नदीचं नाव तोंडात येतंय तोवर आत्याच म्हणाली, "घराजवळ नाला होता ना रे?" लेकीने नाला लिहून घेतला. दोन घरं मागे.

मध्येच एक कार्ड इतिहासाचं होतं. एकेकाळी शाळेत माओरी बोललं की मुलांना मार बसायचा. मग 1972 मध्ये तीस हजारांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटला गेला आणि 1987 मध्ये ती अधिकृत भाषा झाली. आत्या एकदम गप्प. मग लेकीला म्हणाली, "तुला तर मराठीसाठी कोणी मारत नाही, मग माझ्याशी इंग्रजीत का बोलतेस?" लेक म्हणाली, "आय डोन्ट नो." आत्याने माझ्याकडे पाहिलं. का माझ्याकडे? मी रोज मराठीतच विचारतो, उत्तर इंग्रजीत येतं, शनिवारच्या मराठी वर्गाला नेलं तर पोटात दुखतं, आणि गेम लायब्ररीत मिळतो तो माओरीचा. मराठीचा असा गेम मी शोधला, तर हाती लागला अंकलिपीचा तक्ता. असो.

शेवटचं कार्ड मातारिकीचं, म्हणजे आपल्या कृत्तिका. त्या हिवाळ्यात पहाटे पुन्हा दिसल्या की माओरी नवं वर्ष, 2022 पासून त्याची देशभर सुट्टी. आत्याला कृत्तिका पाठच, रोहिणी मृग सगळं ओळीने म्हणून दाखवलं आणि जिंकली. मी तिसरा आलो. खेळणारे तीनच होतो.

आता तिला तो गेम नाशिकला भिशीच्या बायकांसाठी न्यायचाय. लायब्ररीचा आहे, परत करायचाय, म्हटलं तर म्हणते, "मग झेरॉक्स काढून आण, रंगीत काढ. आणि सोंगट्या तू कर कशाच्यातरी, नाहीतरी तुझ्या त्या काही उपयोगी पडल्या नाहीत."