करार झाला म्हणून शाळा सुटत नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. सूर ठाम आणि शेवटी हात जोडलेले. थोडक्यात म्हणणं असं: शाळेत असताना ज्या धावपटूने बुटांच्या कंपनीशी करार केला, तो व्यावसायिक झाला. त्याच्या वेळा हायस्कूलच्या विक्रमांत धरू नयेत. विक्रम शाळकरी मुलांचे आहेत, पैसा आणि प्रशिक्षक मिळालेल्या मुलाशी बाकीच्यांची बरोबरी होत नाही, तो शाळेसाठी धावतही नाही, त्याचे आकडे बघून इतर मुलं खचतात, आणि असे विक्रम मान्य केले तर उद्या प्रत्येक आईबाप आपलं पोर कंपनीच्या दारात नेऊन उभं करतील.

हे निघालं टेक्सासच्या कूपर लुटकेनहॉसवरून. ३ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या १६व्या वर्षी, ओरेगॉनमधल्या यूजीनला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ८०० मीटर १ मिनिट ४२.२७ सेकंदांत धावून दुसरा क्रमांक मिळवला. त्याच महिन्यात नायकेशी करार केला. शाळेची दोन वर्षं अजून बाकी होती.

आता एकेक मुद्दा.

"विक्रम शाळकरी मुलांचे." कबूल. मग २०० मीटर बघा. 'ट्रॅक अँड फील्ड न्यूज' या मासिकाच्या हायस्कूल विक्रमांच्या यादीला इकडे सगळे प्रमाण मानतात, आणि तीत व्यावसायिकांच्या वेळा विक्रम म्हणून धरत नाहीत. एरियन नाइटनने फ्लोरिडातल्या टँपामध्ये अकरावीत असताना, जानेवारी २०२१ मध्ये, आदिदासशी करार केला. त्याच जूनमध्ये ऑलिंपिक निवड चाचणीत तो १९.८४ धावला आणि उसेन बोल्टचा २० वर्षांखालचा १९.९३चा जागतिक विक्रम मोडला. पुढे बारावीचं वर्ष शाळेत काढलं. तरी तो धावत होता तेव्हा हायस्कूलचा विक्रम म्हणून नाव होतं नोआ लायल्सचं, २०.०९. लायल्स हे जुलै २०१६च्या निवड चाचणीत धावला, तेव्हा तो शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाहेर पडलेला होता. करार मात्र अजून व्हायचा होता, म्हणून वेळ धरली गेली. म्हणजे शाळा संपलेला मुलगा शाळकरी, आणि रोज वर्गात बसणारा मुलगा शाळकरी नाही! लायल्सचा विक्रम काढा असं मी म्हणत नाही, शाळा सुटल्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या वेळा धरण्याची ती सवलत जुनी आहे. पण मग निकष शाळेचा नाही, सहीचा आहे, हे तरी मान्य करा.

बरोबरीचा मुद्दा या सगळ्यांत वजनदार, म्हणून इथे जरा थांबतो. पैशाने फरक पडतो. उंचावरची शिबिरं, फिजिओ, हवा तेव्हा वेगवान शर्यतीत प्रवेश, हे सगळं मिळतं. प्रश्न इतकाच की हे करारानंतरच मिळतं का? न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलच्या शाळकरी धावपटू मेरी केनचं उदाहरण घ्या. अल्बर्टो सालाझार तिला २०१२ पासून शिकवत होता, म्हणजे देशातला सगळ्यात गाजलेला प्रशिक्षक तिच्या पाठीशी आधीच होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये इनडोअर मैल ती ४:२८.२५ मध्ये धावली, तो विक्रम धरला. नोव्हेंबरमध्ये ती व्यावसायिक झाली. जानेवारी २०१४ मध्ये तोच मैल ४:२४.११ मध्ये, तो नाही धरला. मुलगी तीच, शाळा तीच, गुरू तोच. मधे काय बदललं? एक कागद.

ॲलन वेबची शाळेत असतानाची ३:५३.४३ ही गाजलेली मैलाची वेळ २००१ मध्ये यूजीनच्या प्रिफाँटेन मेळाव्यात लागली. शर्यतीत पुढे मैलाचा जागतिक विक्रमवीर हिशाम एल गरूज होता, वेग लावून द्यायला खास धावपटू होते, भोवती सगळे कमावते लोक. शाळकरी मैदानावर अशी शर्यत कुणालाच मिळत नाही. वेबला ती मिळाली, म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

आणि आता तर हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली रेघही पुसट झाली आहे. मेरीलँडच्या क्विन्सी विल्सनने २०२४ मध्ये, १६व्या वर्षी, ४०० मीटरचा १९८२ पासूनचा ४४.६९चा हायस्कूल विक्रम मोडला आणि जुलैत ४४.२० पर्यंत खाली गेला. न्यू बॅलन्सशी त्याचा करार होता. पण तो 'नाव, चेहरा आणि प्रसिद्धी' यांचा करार, ज्याला इकडे एनआयएल म्हणतात. निम्म्याहून जास्त राज्यांत हायस्कूलच्या मुलांना तो चालतो. त्यामुळे करार असूनही विल्सन शाळेकडून धावत राहिला आणि त्याचे विक्रमही धरले गेले. उत्तमच. पण कंपनी बुटांचीच आणि पैसेही बुटांचेच ना? एका कागदाचं शीर्षक वेगळं म्हणून एकाचं नाव यादीत आणि दुसऱ्याचं बाहेर, हे मला तरी पटत नाही. (आपल्याकडे खेलो इंडियात निवडलेल्या शाळकरी खेळाडूला सरकार दरमहा १०,००० रुपये हातखर्च देतं. त्यामुळे त्याचं शाळकरीपण गेलं, असं कुणाच्या मनातही येत नाही.)

"तो शाळेसाठी धावत नाही." खरं आहे, आणि म्हणून व्यावसायिक मुलाला आंतरशालेय स्पर्धेत उतरू देत नाहीत. तो नियम राहावा. राज्य स्पर्धेत आठ मार्गिका असतात, तिथे एकाला घेतलं की दुसऱ्याची जागा जाते. विक्रमांच्या यादीत कुणाची मार्गिका जाते? शिवाय ही यादी शाळेच्या बनियनवर कधीच अडून राहिली नाही. जिम रायन मे १९६५ मध्ये कॅन्ससच्या राज्य शालेय स्पर्धेत मैल ३:५८.३ मध्ये धावला आणि जूनमध्ये सॅन दिएगोला राष्ट्रीय स्पर्धेत ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेलला मागे टाकून ३:५५.३ मध्ये. हायस्कूलचा विक्रम म्हणून ३६ वर्षं पाठ होता तो दुसरा आकडा. फक्त शालेय शर्यतींतल्या वेळांची यादी ज्यांना हवी, त्यांनी ती खुशाल ठेवावी. रायनचा पहिला आकडा तिथे कित्येक वर्षं मानाने बसला होता.

मुलं खचतात म्हणे. ८०० मीटरचा जुना विक्रम १:४६.४५, मायकल ग्रॅनव्हिलचा, १९९६चा. लुटकेनहॉसने तो जून २०२५ मध्ये १:४५.४५ वर आणला आणि ऑगस्टमध्ये थेट १:४२.२७ वर. हे सगळं सहीच्या आधीचं, म्हणजे पूर्ण मान्य. खचायचं असेल तर एवढं पुरे आहे. शाळेच्या उरलेल्या दोन वर्षांत तो १:४१ धावला तरी यादी म्हणणार की हा मुलगा दहावीनंतरच्या सुट्टीत थांबला.

राहिला कंपनीच्या दारातल्या आईबापांचा मुद्दा. त्यामागची काळजी मात्र मला फेटाळता येत नाही. केनने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की सालाझारच्या हाताखाली वजनावरून तिचा छळ झाला, शरीर मोडलं, जीव द्यावासा वाटू लागला. त्याने आरोप नाकारले. पण तारखा बघा. ती त्याच्याकडे गेली तेव्हा शाळकरी होती, हौशी होती, विक्रमांना पूर्ण पात्र होती. हौशीपणाने तिला वाचवलं नाही, आणि पुढे ४:२४.११ यादीतून वगळल्यानेही नाही. मुलांना जपायचं असेल तर प्रशिक्षकांवर नजर हवी, करारातली कलमं वाचणारा वकील हवा, आणि शाळेतल्या कुणीतरी दर आठवड्याला त्या पोराशी दोन शब्द बोलायला हवेत. शिवाय हायस्कूलचा विक्रम आपल्या नावावर लागेल एवढ्यासाठी कुठलं घर कंपनीचे पैसे घेईल किंवा नाकारेल? घर ठरवतं ते कॉलेजची फी आणि करारातली रक्कम बघून.

यादी कशी ठेवावी, हे अवघड नाही. १,००० मीटरहून उंच गावी धावलेल्या वेळेपुढे 'ए' ही खूण छापतात. विरळ हवेचा फायदा सगळ्यांना ठाऊक असतो, तरी विक्रम मान्य होतो. बॉब बीमनची १९६८ची ८.९० मीटरची लांब उडी मेक्सिको सिटीतली, २,२०० मीटरहून उंचावरची, आणि तिला कुणी यादीबाहेर काढलं नाही. तशीच एखादी खूण करारानंतरच्या वेळेपुढे टाका. पात्रतेला अट एकच: नाव शाळेच्या पटावर हवं, किंवा शाळा सुटल्यानंतरचा तो उन्हाळा चालू हवा.

यावर ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहील की नाइटनवर तर उत्तेजकांच्या प्रकरणात बंदी आली. आली, सप्टेंबर २०२५ मध्ये, चार वर्षांची. नमुना २०२४चा होता, तो शाळेतून बाहेर पडून दोन वर्षं झाल्यावरचा.