‘या दहा वेबसाइट्स द्या, शिकवणी बंद करा’: एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. सहावी ते आठवीसाठी दहा मोफत शैक्षणिक साइट्सची यादी, आणि खाली ठोकलेली विधानं: व्हिडिओ पाहिला की संकल्पना पक्की, आता प्रयोगशाळेची गरज नाही, पत्त्यात डॉट ऑर्ग असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवा, प्रश्नमंजुषा खेळली की परीक्षेची तयारी झाली. यादीबद्दल तक्रार नाही. खान अकॅडमी (धडे आणि सराव), फेट (पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग, म्हणजे सिम्युलेशन्स), जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या), काहूट (प्रश्नमंजुषा) ही साधनं खरोखर कामाची आहेत. घोळ आहे तो खालच्या विधानांत.

व्हिडिओपासून सुरुवात करू. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेल्या पीएचडीत हेच तपासलं होतं. भौतिकशास्त्राचे सोपे, नेटके व्हिडिओ पाहिल्यावर विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढला, गुण मात्र जवळपास होते तिथेच राहिले. ज्या व्हिडिओंत आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडली होती, ते पाहताना विद्यार्थी गोंधळले. पण गुण त्यांचेच वाढले. ते विद्यार्थी विद्यापीठातले होते, तरी कारण शाळेतही लागू पडतं. मुलाच्या डोक्यात त्या विषयाबद्दल आधीच काहीतरी मत असतं. व्हिडिओ गुळगुळीत असला की त्याला त्यात आपलंच मत ऐकू येतं आणि ‘हे तर मला येतंच’ म्हणून तो पुढे जातो.

म्हणून व्हिडिओ लावण्याआधी एक प्रश्न द्या आणि उत्तर वहीत लिहून घ्या. पाच-सहा मिनिटांचा तुकडा दाखवा, थांबवा, स्क्रीन बंद करून तीन ओळी लिहायला सांगा. तोच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, आठवड्यानंतर मात्र स्वतः आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ संपल्या संपल्या ‘समजलं का?’ विचारून मिळालेल्या होकाराला फारशी किंमत नाही, ती यामुळेच.

‘प्रयोगशाळेची गरज उरली नाही’ हे विधान बहुधा फेटची सिम्युलेशन्स पाहून केलेलं असतं. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. त्यातलं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन घ्या. बॅटरी ९ व्होल्टची, बल्ब १० ओहमचा. एक बल्ब जोडला की ॲमीटर (विद्युतधारा मोजणारं उपकरण) ०.९ अँपिअर दाखवतो. दुसरा बल्ब एकसर, म्हणजे पहिल्याच्या मागोमाग त्याच तारेत, जोडला की ०.४५. इथे मुलांना आधी अंदाज लिहायला लावा. बरीच मुलं लिहितात की पहिला बल्ब धारा ‘खाऊन टाकतो’, म्हणून दुसऱ्याला कमी मिळते. मग ॲमीटर तीन ठिकाणी लावायचा: पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या पुढे. तिन्हीकडे ०.४५. ती समजूत तिथेच मोडते. अंदाज न लिहिता नुसतं ‘खेळा’ म्हटलं, तर मुलं शॉर्टसर्किट करून बॅटरी पेटवण्यात तास घालवतात. त्यांचा दोष नाही, त्यात मजाच तेवढी आहे.

पण याच सिम्युलेशनमधली बॅटरी मुळात आदर्श असते, तिचा अंतर्गत रोध (बॅटरीच्या आतच धारेला होणारा अडथळा) शून्य धरलेला असतो. त्यामुळे समांतर जोडणीत दुसरा बल्ब लावला तरी पहिल्याचा प्रकाश तसाच राहतो. खऱ्या बॅटरीवर तो थोडा मंदावतो, आणि मुलाला वाटतं प्रयोग फसला. प्रगत पर्यायांत अंतर्गत रोध वाढवून हा फरक दाखवता येतो. आणखी एक खाचखळगा: पडद्यावर सुरुवातीला इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे वाहताना दिसतात, पुस्तकातला धारेचा बाण उलटा असतो. दिशा बदलण्याचं बटण तिथेच आहे, ते तास सुरू होण्याआधी पाहून ठेवावं. शिवाय सैल जोडणी, उतरलेला सेल, गंजलेलं टोक यातलं काहीच पडद्यावर भेटत नाही. दोष शोधायला मुलं शिकतात ती खऱ्या तारा हातात घेऊनच.

जिओजेब्राची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिथे साधन वहीपेक्षा कडक परीक्षा घेतं. मुलाला चौरस काढायला सांगा. तो अंदाजाने चार बिंदू ठेवून जोडतो, आकृती सुरेख दिसते. आता एक बिंदू ओढा: चौरस वाकडातिकडा होतो, कारण काटकोन आणि समान बाजू कुठे बांधलेल्याच नव्हत्या. लंब रेषा आणि वर्तुळ वापरून रचलेला चौरस कसाही ओढला तरी चौरसच राहतो. गुण द्यायचे तर ओढून पाहिल्यावर द्या, नुसत्या स्क्रीनशॉटवर नको.

डॉट ऑर्गचा मुद्दा लगेच निकाली निघतो: हा पत्ता कुणालाही विकत घेता येतो, संस्था असल्याचा पुरावा लागत नाही. आणि पत्ता कोणताही असो, दिसायला खरी वाटणारी साइटही बनावट असू शकते: झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची अशी एक साइट १९९८ पासून नेटवर आहे, चित्रांसकट आणि ‘वाचवा’ मोहिमेसकट. साइटवरचाच ‘आमच्याविषयी’ वाचून खरंखोटं कळत नाही. नवा टॅब उघडा आणि त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते शोधा. ही सवय सहावीतल्या मुलाला सहज लागते.

प्रश्नमंजुषेबद्दल. काहूटच्या नेहमीच्या पद्धतीत झटकन दिलेल्या बरोबर उत्तराला १००० पर्यंत गुण मिळतात, वेळ संपता संपता दिलेल्या बरोबर उत्तराला ५०० च्या आसपास. म्हणजे सावकाश वाचणारं मूल सगळं बरोबर देऊनही खाली राहतं आणि चाणाक्ष मुलं प्रश्न न वाचता बटण दाबायला शिकतात. गणितं असतील तर वेळ ६० किंवा ९० सेकंद ठेवा, किंवा त्या प्रश्नाचे गुणच बंद करा. विजेता कोण यापेक्षा कोणत्या चुकीच्या पर्यायावर जास्त बोटं पडली ते अहवालात पाहा. उद्याचा तास तिथून सुरू होतो.

खान अकॅडमीवर सरावात ७० टक्के आले की प्रभुत्वाचा पहिला टप्पा मिळतो, १०० टक्क्यांना दुसरा. सर्वात वरचा टप्पा घटक चाचणीसारख्या मिश्र चाचणीत तेच पुन्हा जमलं तरच मिळतो. प्रश्नाखालची मदतीची सूचना (हिंट) उघडली की तो प्रश्न चुकलेला धरतात. त्यामुळे ‘मुलाने किती मिनिटं घालवली’ हा आकडा बाजूला ठेवून टप्पे बघावेत.

राहता राहिली यादी. अशा कित्येक याद्या जुन्या असतात. फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारे खेळ आणि ॲनिमेशन्स २०२० च्या अखेरीस अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतल्यापासून ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. लिंक शिक्षकाच्या लॅपटॉपवर नव्हे, मुलांकडे असतो तसल्या मोबाइलवर उघडून पाहा. इंटरनेट अधूनमधून जात असेल तर फेटची एचटीएमएल (थेट ब्राउझरमध्ये चालणारी) सिम्युलेशन्स आधीच उतरवून ठेवता येतात, आणि खान अकॅडमीचा बराच मजकूर कोलिब्री या मोफत प्रणालीवरून एका संगणकातून वर्गभर विनाइंटरनेट देता येतो. तो मजकूर घरीच उतरवून आणा. शाळेच्या नेटवर ऐन तासाला डाउनलोड लावलं तर तास त्यातच जातो.