‘जेलने कॅन्सर बरा, किडनी वाचली’ : अर्धंच खरं

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय : ‘किडनीच्या नळीच्या कॅन्सरवर जेल आलं, आता किडनी काढायची गरज नाही.’ जेल खरंच आहे, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यताही मिळाली. पण ती फक्त लो-ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या गाठींसाठी.

औषध जुनंच, मायटोमायसिन हे कॅन्सरचं. साधं द्रावण लघवीबरोबर लगेच वाहून जातं. हे जेल थंड असताना पातळ, अंगाच्या उष्णतेने घट्ट. त्यामुळे आत काही तास टिकतं. कॅथेटरमधून, म्हणजे बारीक नळीतून, जास्तीत जास्त १५ मिली, दर आठवड्याला एकदा, असं सहा वेळा. ७१ जणांच्या चाचणीत ४२ जणांची गाठ दिसेनाशी झाली. मात्र सुमारे ४४ टक्के जणांची मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, अरुंद झाली; कित्येकांना ती उघडी ठेवायला स्टेंट घालावा लागला. मेसेजमध्ये हे कुठेच नाही, नेमकं!

हाय-ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणारी गाठ असेल तर सहसा आजही किडनी, अख्खी मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला जुळते तिथला तुकडा काढतात. आजार वाढलेला असेल तर ऑपरेशननंतर ९० दिवसांत केमो सुरू करतात; त्याने तो उलटण्याचं प्रमाण घटतं. तेव्हा जेलचं विचारण्याआधी बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड’ काय लिहिलाय ते बघा. आणि बिडी ओढणाऱ्याला न दुखता लाल लघवी झाली, तर मूतखडा समजून घरी बसू नका; ते या कॅन्सरचं लक्षण असू शकतं.