माझा हात वर गेला तेव्हा माझी दोन वर्षं उरली होती

भाचा अमेरिकेत पायलट आहे. लहानपणीच आई-वडिलांबरोबर तिकडे गेला, पण बोलणं अजून सांगलीचंच. परवा रात्री साडेदहाला फोन. त्यांच्या युनियननं कंपनीशी करार ठरवलाय, आता सभासदांनी मतदान करून हो किंवा नाही म्हणायचं. "मामा, तुम्ही युनियनच्या कमिटीवर होता की. काय करू सांगा."

मी कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत जन्म काढलेला माणूस, विमानात बसलो तो एकदाच, तेही कानात कापूस घालून. पण कराराचा कागद मला वाचता येतो.

तिकडची रीत वेगळी आहे. १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट तिकडं विमान कंपन्यांनाही लागू आहे. कराराची मुदत संपली तरी नवा होईपर्यंत जुनाच चालू. संप करायचा तर आधी सरकारी मध्यस्थ मंडळानं दोन्ही बाजूंना मोकळं सोडलं पाहिजे, मग वर ३० दिवस थांबायचं. म्हणजे नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी काम बंद, असलं काही नाही. नाही म्हणजे वाट बघणं. ती किती, हे कुणी सांगत नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या पायलटांनी २०२२ च्या नोव्हेंबरात ९४ टक्के मतांनी करार परत पाठवला आणि वर्षाच्या आत कितीतरी चांगला मिळवला. ते बघून फेडएक्स या मालवाहू कंपनीच्या पायलटांनीही जुलै २०२३ मध्ये ५७ टक्क्यांनी नाही म्हटलं असेल, मला माहीत नाही. पण दोन वर्षं उलटली तरी त्यांच्या हातात नवा करार नव्हता. ९४ आणि ५७ यातला फरक मॅनेजमेंटला बरोबर कळतो. निम्मी माणसं थकलेली आहेत, हे त्यांना आकड्यातच दिसतं.

भाचा पगाराची टक्केवारी सांगत होता. मी म्हटलं, ते राहू दे, ड्युटीची कलमं वाच. तर म्हणाला, खरं भांडण तिथंच आहे. त्यांच्यात सगळं सिनिऑरिटीवर चालतं. वरच्यांना हवी ती फ्लाइट, हवी ती सुट्टी. खालचे रिझर्व्हवर, म्हणजे बोलावलं की निघायचं, फोन उशाला घेऊन झोपणारे. आणि ६५ ला निवृत्ती. ज्याचं वर्ष-दीड वर्ष उरलंय त्याला मागचा फरक आणि वाढ आत्ता पाहिजे; रिझर्व्हचे नियम सुधारून त्याला काय करायचंय?

इथं मी जरा गप्प झालो.

आमच्या शेवटच्या कराराची गेट मीटिंग मला आठवली. गुप्त मतदान वगैरे काही नाही. आपल्या कायद्यात सभासदांचं मत घ्यायची सक्तीही नाही. अध्यक्ष टेबलावर चढून विचारणार, "मंजूर?" आणि हात वर. वर ऑफिसच्या खिडकीतून एचआरवाला मोजतोय. वाढ चांगली होती, फरकाची रक्कम एकदम मिळणार होती. आणि तिसऱ्या पानावर एक कलम होतं : पुढच्या भरतीला वेगळी, खालची ग्रेड. आम्ही कमिटीत ते वाचलं होतं. "ते अजून आलेच नाहीत, त्यांचं काय बघायचं" असं म्हणून पान उलटलं. माझी दोन वर्षं राहिली होती, पोरीचं लग्न ठरलं होतं. हात वर गेला.

आता त्या खालच्या ग्रेडवर लागलेला एक पोरगा आमच्याच गल्लीत राहतो. मोल्डिंगला आहे, मी ज्या लाईनवर होतो तिथंच. रोज सकाळी "काका, चहा घेतला का" विचारतो. त्याला हे माहीत नाही, आणि मी कधी सांगितलेलं नाही.

म्हणून भाच्याला हो किंवा नाही काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, तुला जो कुणी 'घेऊन टाक' म्हणतोय, त्याची किती वर्षं राहिलीत ते आधी विचार.

थोडा वेळ फोनवर काही बोलला नाही. मग हसला. "काल शेजारी बसलेला कॅप्टन म्हणत होता मामा. चौसष्ट वर्षांचा आहे."