एम. ए. संगीत करताय? मग आधी रियाज बंद करा

ॲडमिशन मिळाली? अभिनंदन! आता तानपुऱ्याला गवसणी घाला आणि ठेवून द्या कपाटावर. एंट्रन्सला गायलात ना, तेवढं बास, पुढची दोन वर्षं गाण्याबद्दल लिहायचंय, गायला सांगितलंय कोणी? आणि तसंही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पहाटे खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावायला बसलात की वरचे काका सोसायटीच्या ग्रुपवर "पाण्याचा पंप बिघडलाय का?" असं टाकणारच, तेव्हा सगळ्यांच्याच सोयीचं आहे हे.

आधी नोट्स जमवा. सीनियरच्या, जमल्यास सीनियरच्या सीनियरच्या, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर उत्तम. तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती करत २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक बारीक सुरांची, नावं घोका, १३व्या शतकातला संगीत-ग्रंथकार शार्ङ्गदेव घोका, भातखंड्यांचे १० थाट, म्हणजे रागांचे गट, तर झोपेतही यायला हवेत. श्रुती कानाला कळतात का वगैरे विचारत बसू नका, ते सिलॅबसमध्ये नाही.

मग येतो सगळ्यांचा लाडका प्रश्न: मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांचा तौलनिक अभ्यास. तिघांचे सूर तेच, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम गायब. कागदावर काय सोपं आहे हो! मारव्यात रिषभ-धैवताचं राज्य, पूरियात गंधार-निषादाचं आणि तो मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रमतो, सोहनी वर तार सप्तकात चमकते, चार ओळी लिहा, शेजारी तक्ता काढा, खाली पेन्सिलीने रेघ मारा, पैकीच्या पैकी. तोच टॉपर गायला बसला की तालाच्या तिसऱ्या फेऱ्यात, म्हणजे आवर्तनात, मारव्याचा पूरिया होतो आणि त्याला पत्ताही नसतो. पण तक्ता सुंदर होता, हे मान्य करायलाच हवं.

रागांचा समयसिद्धांतही, म्हणजे कुठला राग कुठल्या वेळी गायचा ते, नीट पाठ करा. सकाळी ११ च्या लेक्चरला तो शिकायचा आणि दुपारी अडीचला, डब्यातली पोळी-भाजी अजून घशाशी असताना, मध्यरात्रीचा राग दरबारी म्हणायचा. टाइमटेबलपुढे रात्रीचा तिसरा प्रहर काय करणार बिचारा?

प्रॅक्टिकलचं टेन्शन घेऊ नका. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं एक आवर्तन म्हणजे जवळजवळ एक मिनिट, तुम्ही डोळे मिटून कुठे सूर लावताय तोवर एक्झामिनर घड्याळ बघून म्हणतात, "छान, आता द्रुत (जलद) घ्या." बाहेर अजून रांग असते ना. हां, बाहेर गुरुजींकडे शिकत असाल तर तिथे यातलं काही बोलू नका, गुरुजींना नोटेशनची वही दिसली तरी राग येतो. (गाणं खरं तिथेच होतं, पण त्याला क्रेडिट्स नाहीत.)

डिसेंबरात पुण्यात मुकुंदनगरला सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला, जाणं मात्र कंपल्सरी समजा. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव, तिथे एम. ए. वाल्यांची जागा खाण्याच्या स्टॉलजवळ. झब्बा घाला, आलापाच्या दुसऱ्या मिनिटाला मान किंचित हलवा आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतपत म्हणा, "आज तानपुरे लागले नाहीयेत." राग ओळखता आला नाही तर "मिश्र आहे" म्हणून वडापाव घ्यायला जा.

शेवटी नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास कॉम्प्युटरसमोर. पहिल्या पेपरात डेटा इंटरप्रिटेशन, दुसऱ्यात संगीत, तेही चार पर्यायांतून क्लिक करायचं, संगीताच्या परीक्षेला हेडफोनसुद्धा लागत नाही, कमाल आहे की नाही? एक सूर न लावता तुम्ही संगीत शिकवायला पात्र! मग तासिका तत्त्वावर थोडे तास मिळतील, मानधन कधी जमा होणार ते विचारू नका, बरं दिसत नाही. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटांची फाईल, रिसर्च पेपर, झालंच तर प्रबंधाची एक कॉपी न्या आणि पॅनेलमधल्या कोणी चुकून "जरा काही म्हणून दाखवा" म्हटलंच, तर हवा बदललीय, घसा बसलाय म्हणून सांगा.