‘नसावा’ या शब्दाला उत्तर

नमस्कार.

‘एक अभ्यासक’ एवढीच सही करून आपण माझ्या ‘पैलवानाचं वजन’ या लेखाखाली जी प्रतिक्रिया दिलीत, तिला ‘धन्यवाद, विचार करतो’ एवढं लिहून मी मोकळा होणार होतो. बायकोही म्हणाली, सोडून द्या. दोन दिवस सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना पळायला लावून उभा होतो, तरी डोक्यात तेच वाक्य. तेव्हा आता सविस्तरच लिहितो.

ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली त्यांच्यासाठी इथे उतरवून घेतो:

“लेख वाचनीय आहे. मात्र झटपट वजन उतरवल्याने कुस्ती बिघडतेच, हे विधान सरसकट झालं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या जुदोपटूंवरच्या प्रयोगात पाच टक्के वजन उतरवून नंतर चार तास खायला-प्यायला मिळालेल्यांच्या कामगिरीत घट दिसली नाही. त्याचा लेखात उल्लेखही नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय संघांतल्या खेळाडूंच्या २०१३ च्या मुलाखतींमध्ये वजन उतरवण्यातून मिळणाऱ्या मानसिक बळाचा मुद्दा ठळकपणे येतो, तोही सुटला आहे. अमेरिकेतले तीन मृत्यू १९९८ चे नव्हेत, १९९७ चे. बाकी सगळा भार तालमीतल्या आठवणींवर आहे. लेखकाला प्रयोग आणि किस्सा यांतला फरक कळत नसावा.”

आता क्रमाने घेऊ. क्रम माझा.

१९९७ बरोबर, माझं चुकलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये महिन्याभराच्या आसपास तीन वेगवेगळ्या कॉलेजांतले तीन पैलवान वजन उतरवताना गेले. तिघांचीही तऱ्हा एकच होती: अंगात घाम कोंडणारा सूट, गरम खोली, त्यात व्यायाम आणि पाणी जवळपास बंद. १९९८ हे नियम बदलल्याचं साल. सौना आणि रबरी सूट बंद झाले, वजनगट ११८ पौंडांऐवजी १२५ पासून सुरू झाले, लघवीची घनता तपासून कोणी किती खाली उतरायचं हे हंगामाआधीच ठरू लागलं आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन कमी करायला मनाई झाली. दोन सालं माझ्या डोक्यात एकत्र झाली. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. मला चूक मान्य करता येत नाही असं कोणी म्हणू नये.

आता ‘नसावा’.

आपण ‘कळत नाही’ असं लिहिलं असतं तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं. तो आरोप झाला आणि आरोपाला उत्तर देता येतं. ‘नसावा’मध्ये कीव आहे. बिचाऱ्याला कळत नसावं, शिकायला मिळालं नसावं. ही भाषा मी ओळखतो. सोळा वर्षं क्रीडाशिक्षक आहे. पहिल्या तासाला खेळाचं मैदान मागितलं की गणिताचे सर ज्या आवाजात ‘तुम्हाला कल्पना नसावी, परीक्षा जवळ आलीय’ म्हणतात ना, तोच हा ‘नसावा’. आणि म्हणणारा कोण? नाव नाही, गाव नाही. मी माझ्या नावाने लिहितो. माझ्या लेखाखाली माझे विद्यार्थी येतात, त्यांचे पालक येतात, ज्या तालमीत मी तीन वर्षं राहिलो तिथली आज पन्नाशीला आलेली माणसं येतात. त्यांच्यादेखत आपण मला किस्से सांगणारा ठरवून मोकळे झालात.

बरं, किस्सा तर किस्सा. मूळ लेखात चार ओळींत उरकला होता, तो आता पुरता ऐका.

साल १९९९, आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या. तेव्हा गट ५८ किलोचा होता, आजचा ५७ नव्हे (हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर आपली पुढची प्रतिक्रिया यावरच यायची). माझं वजन ६२. ६३ मध्ये आमच्याच तालमीतला एक थोरला गडी होता, त्यामुळे वस्तादांनी मला खाली ढकललं. हातात चार दिवस. डिसेंबरातल्या पहाटे अंगात दोन स्वेटर, त्यावर रेनकोट, त्याची टोपी नाडीने हनुवटीखाली आवळलेली, आणि रंकाळ्याला फेऱ्या. फिरायला आलेली माणसं वर आभाळाकडे बघायची, पाऊस आहे की काय. तालमीत परत आल्यावर रेनकोटच्या बाहीची नाडी सोडली की कोपरापासून पाण्याची धार लागायची. शेवटच्या दिवशी पाणी पूर्ण बंद. तोंडात आवळासुपारी धरून पितळी तांब्यात थुंकत बसायचं, तेवढीच लाळ जाईल म्हणून. संध्याकाळपर्यंत लाळही संपली. जीभ टाळूला चिकटली की बोटाने सोडवायची. बोलताना शब्दांआधी टक्‌ असा आवाज यायचा.

वजनाचा काटा धान्याच्या गोदामातून आणलेला होता. ५८ किलो २०० ग्रॅम. वस्ताद म्हणाले, “काटा काय कुनाचा पावना न्हाई.” मग न्हाव्याकडे नेऊन डोकं साफ केलं, पुन्हा रेनकोट चढवून चाळीस मिनिटं दोरीच्या उड्या, शेवटी चादरीचा आडोसा करून लंगोटही उतरवला. तेव्हा कुठे काट्याची दांडी सरळ झाली.

आता नीट वाचा. वजन आदल्या संध्याकाळी झालं आणि कुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्या प्रयोगातल्यांना चार तास मिळाले, मला चौदा. रात्री मटण-भाकरी खाल्ली, वर दोन तांबे उसाचा रस प्यालो, त्यातला निम्मा ओकलो. सकाळी मॅटवर उभा राहिलो तर पाय दुसऱ्या कोणाचे तरी आहेत असं वाटत होतं. कडेवरून वस्ताद ओरडत होते. काय ओरडत होते ते तेव्हाही समजलं नाही, आजही आठवत नाही. दोन मिनिटांच्या आत १०–० आणि शिट्टी.

हा किस्सा? असेल. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज-पैलवानांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झटपट वजन उतरवलेल्यांची अल्पकालीन स्मृती मंदावलेली आढळली, मनःस्थितीही खालावलेली. मला वस्तादांचा आवाज ऐकू येऊन शब्द का लागत नव्हते, हे तो अभ्यास वाचल्यावर उमगलं. पुन्हा खाऊन-पिऊन झाल्यावर त्या पैलवानांचे गुण पूर्वपदावर आले, हेही त्याच अभ्यासात आहे. मी लपवत नाही. पण माझ्या देहाला तो अभ्यास कोणी वाचून दाखवला नव्हता.

शरीरात काय होतं तेही सांगतो, म्हणजे मला फक्त आठवणीच येतात असा आपला समज नको. चार-पाच टक्के वजन दोन-चार दिवसांत जातं ते चरबीचं नसतं. ते पाणी असतं, आतड्यातलं अन्न असतं आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन असतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, म्हणून काटा झरझर उतरतो आणि पोराला वाटतं, जमतंय की! रक्तातला पाण्याचा भाग कमी होतो, तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके जास्त पडतात, घाम आटल्यावर उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. त्या तिघांचं हेच झालं. हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो.

राहता राहिला आपला ब्राझीलचा प्रयोग. तो मी वाचला आहे. उल्लेख केला नाही म्हणजे वाचला नाही असं नव्हे. चौदा जुदोपटू. सात जणांनी वजन उतरवलं, सात जणांनी नाही. उतरवणाऱ्यांना पाच दिवस दिलेले. मग जुदोचा एक ठरावीक व्यायाम, पाच मिनिटांची एक लढत आणि हाताने पेडल मारायच्या यंत्रावर ताकदीच्या तीन चाचण्या. एक लढत, साहेब! आमच्याकडे पोरगं दिवसात तीन-चार कुस्त्या खेळतं. आणि आता मोठ्या स्पर्धांत एकच गट दोन दिवस चालतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी चार तास मिळाले म्हणून जे पोटात घालाल, तेच रात्रभर पुन्हा बाहेर काढायचं. हे त्या प्रयोगात कुठे आहे? शिवाय सात माणसं. सात माणसांचा झाला की प्रयोग आणि एका माणसाचा झाला की किस्सा. मधे नेमकी किती माणसं लागतात ते एकदा कळवा.

पॅरिस आठवा. ७ ऑगस्ट २०२४. ५३ किलोत खेळणारी विनेश फोगाट ५० मध्ये उतरली. अंतिम फेरीच्या सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि सगळं गेलं. रात्रभर घाम काढला होता, केससुद्धा कापले होते. माझ्या डोक्यावरून तो वस्तरा फिरलेला आहे, म्हणून ती बातमी मला टीव्हीसमोर बसून बघवली नाही. आदल्या दिवशी वजन उतरवूनच तिने तीन कुस्त्या मारल्या, त्यातली एक तोपर्यंत आंतरराष्ट्रीय मॅटवर न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीवर, हे मला माहीत आहे. कृपया ते मला सांगायला येऊ नका. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने रातोरात साडेचार किलोहून जास्त उतरवून ५७ मध्ये कांस्य घेतलं, तेही माहीत आहे. पदक मिळालं म्हणजे ती रात्र बरोबर ठरते का?

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडनला ५२ किलोच्या गटात सहावे, १९५२ च्या हेलसिंकीला ५७ च्या गटात कांस्य. यातून मी सिद्धान्त काढत नाही. मधे चार वर्षं गेली होती, त्यांची तयारी वेगळी होती, मॅटचा सराव झाला होता. पण गोळेश्वरचा माणूस वरच्या गटात जाऊन पदक आणतो, एवढं मी पोरांना सांगणारच. मैदानी कुस्तीत तर काटा नव्हताच. वस्ताद दोन्ही पोरांना समोरासमोर उभं करून जोड लावायचे, खांदा बघायचे, मान बघायचे. वजन चोरायची गरजच नव्हती. (जोड लावतानाही चोऱ्या व्हायच्या, पण तो वेगळा लेख.)

स्वीडनच्या मुलाखतींबद्दल, म्हणजे वजन उतरवण्यातून खेळाडूला ‘मी यातून गेलो, आता कोणालाही भिडेन’ असं बळ मिळतं याबद्दल, पुन्हा कधी तरी. मुद्दा वाईट नाही. पण तसं तर आम्हालाही वाटायचं. काट्यावरून उतरलो त्या संध्याकाळी मला वाटलं होतं की स्पर्धा मी जिंकलेलीच आहे, उद्या फक्त जाऊन यायचं. त्याला मानसिक बळ म्हणायचं की डोकं ठिकाणावर नसणं, ते मानसशास्त्रवाल्यांनी ठरवावं.

आणखी एक. आपल्या प्रतिक्रियेला सतरा जणांनी पसंती दिली आहे. त्यात माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांची नावं पाहिली. हरकत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर, आपल्याला आणखी एक साक्षीदार द्यावा म्हणून, १९९९ मध्ये ज्याने मला १०–० ने मारलं त्यालाच काल रात्री फोन लावला. सव्वीस वर्षांत आम्ही चार वेळा बोललो असू. आता त्याची ऊसतोडणीची टोळी आहे. म्हटलं, आठवतं का, माझं वजन उतरवून काय झालं होतं ते? तो हसला. “अरे, मी पाच किलो उतरवून आलतो. तुझ्यापेक्षा एक जास्त.” मग जरा थांबून म्हणाला, “वजनाचं काय घेऊन बसलायस? तुझा डावा पाय कायम फुडं असायचा. पाय खेचून पट काढायला आयता मिळायचा. सगळ्या तालमीला ठावं होतं.”

हे केवळ प्रामाणिकपणा म्हणून लिहून ठेवतो. याचा आपल्या मुद्द्याशी संबंध जोडू नये.

मूळ लेखातलं १९९८ आज दुपारी बदलून १९९७ केलं आहे. बाकी लेख आहे तसाच आहे.